हातउसना माणूस

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला धक्क्यावरच्या दुकानातून फोन आला, तेव्हा शफीगा तोफाज्जलचेच कागद घेऊन बसली होती. तोफाज्जल म्हणजे होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या गासिम बेबेंच्या कारखान्यातला बांगलादेशी कारागीर. त्याच्या कामाच्या परवान्याची मुदत शनिवारी संपत होती. शुक्रवार-शनिवार कचेऱ्या बंद, म्हणजे खरी मुदत गुरुवारचीच. आरोग्य तपासणीचा दाखला संगणकावर चढवून झाला होता, विम्याचा कागद चढला होता, फोटो तेवढा अडून बसला होता.

"शफी," दुकानवाली नझीमा कुजबुजली, "मालेची लाँच लागलीय. निळ्या शर्टातले दोघं उतरलेत. हातात फायली आहेत."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला, कारण तिला अजून वीस घरांना कळवायचं होतं.

राजधानी मालेपासून दूरच्या हंदूफुशी बेटाची ही जुनी रीत. परदेशी कामगाराच्या कार्डावर ज्या मालकाचं नाव आणि जी जागा असेल, तिथंच त्यानं काम करायचं, असा देशाचा कायदा. पण बेटावर माणसं नारळ खवायची खवणी उसनी देतात, हातगाडी देतात, लग्नाला पातेली देतात, तसा आपला कामगारही अर्ध्या दिवसापुरता शेजाऱ्याला देतात. कुणी पैसा घेत नाही. संध्याकाळी दोन मासे पोचते होतात, झालं. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही येत नाही. उलट मागूनही माणूस दिला नाही तर तो घमेंडखोर. धक्क्यापासून मशिदीपर्यंत चालत यायला तपासणीवाल्यांना सात मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात बेटावरचे सगळे हातउसने कामगार कुंपणं ओलांडून आपापल्या मालकाकडे पोचलेले असतात.

शफीगाला या फोनांची कधी धास्ती वाटली नव्हती. बेटावरच्या अडतीस परदेशी कामगारांचे कागद ती सांभाळत होती, आणि त्यातला एकही कुठं अर्धं बोट सरकलेला नव्हता. तिनं सवयीनं भिंतीवरच्या फायलींच्या रांगेवरून नजर फिरवली. मग तिनं हातातला कागद खाली ठेवला.

तोफाज्जल आज मम्माच्या, तिच्या आईच्या, छपरावर होता.

आणि मम्माला कुणी फोन केला नसणार. ज्या घरी हातउसना माणूस कधी येतच नाही, त्या घरी कोण कशाला फोन करील?

तिनं डोक्यावरून ओढणी घेतली आणि निघाली. धावली नाही. शफीगा धावताना दिसली असती तर बेटानं दारं उघडून पाहिलं असतं. मम्माचं घर धक्क्याकडून दुसऱ्याच गल्लीत. ती पोचली तेव्हा अंगणातलं दृश्य बघून तिचे पाय भिंतीपाशीच थांबले. शिडी टेकलेली. वर पत्र्यावर तोफाज्जल उकिडवा, ओठांत चार खिळे धरून, हातोडी हवेत तशीच. खाली झोपाळ्यावर निळ्या शर्टातले दोघे बसलेले, दोघांच्या हातांत शहाळी. मम्मा त्यांना विजेचे मीटर बघायला आलेली माणसं समजली होती.

"गासिमचा माणूस आहे," मम्मा कौतुकानं सांगत होती. "असा हात बेटावर दुसऱ्या कुणाचा नाही. होड्या बांधतो. माझ्या लेकीनं सांगितलं म्हणून गासिमनं पाठवला, नाहीतर तो कुणाला देत नाही हो."

म्हणजे विचारायचं काही उरलंच नव्हतं.

दोघांतला थोराड होता तो उठला. त्यानं शफीगाकडे पाहिलं आणि आपलं नाव सांगितलं, निहाद. नाव ऐकताच तिनं मान खाली घातली. सहा वर्षं फोनवर बोलत आलेला हा आवाज. कुठला दाखला कमी आहे, कुठला शिक्का पुसट आलाय, हे सांगणारा. आठवड्यातून दोनदा तरी बोलणं व्हायचं. तोंड आज पहिल्यांदा दिसत होतं.

"आवाजावरून तुम्ही वयस्कर असाल असं वाटलं होतं," निहाद म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालेलं दिसत होतं. "आमच्या कचेरीत नव्या पोरांना तुमच्या फायली दाखवतात. कागद असे लावावेत म्हणून."

मग त्यानं वर बघून तोफाज्जलला खाली बोलावलं आणि त्याचं कार्ड मागून घेतलं.

शफीगानं हे काम काही शिकून-सवरून घेतलेलं नव्हतं. मालेत कॉलेज करून ती बेटावर परतली, शाळेत कारकून झाली. नवरा एका पर्यटन बेटावर नोकरीला, महिन्यातून चार दिवस घरी. अकरा वर्षांपूर्वी बेकरीतल्या श्रीलंकन कामगाराचा परवाना मालेतल्या एका दलालानं अर्धवट ठेवला आणि त्या बिचाऱ्याला विमानतळावरूनच परत धाडलं. बेकरीवाला शाळेत आला, अर्ज घेऊन रडकुंडीला. शफीगानं तो अर्ज वाचला. नियम वाचले, पुन्हा वाचले. धान्य निवडावं तसे तिनं त्यातले खडे बाजूला केले आणि तीन आठवड्यांत तो माणूस परत आला. मग मासळी सुकवणारे आले, पाहुणेघरवाले आले. शाळेची नोकरी सुटली आणि हेच काम होऊन बसलं. मालकांच्या वतीनं अर्ज करायची सरकारी मुभा तिला मिळाली, अर्जांच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतःच्या नावाचं खातं मिळालं.

तिच्या पद्धती तिच्याच. फोटोला पांढरी पार्श्वभूमी लागते म्हणून झोपाळ्याच्या चौकटीवर ती धुतलेली चादर ताणून बांधायची आणि कामगाराला समोर उभं करायची. चादरीला सुरकुती दिसली तर आधी इस्त्री. नवा माणूस धक्क्यावर उतरला की ती स्वतः घ्यायला जायची, आणि घरी नेऊन आधी गरुदिया-भात वाढायची, माशाचं साधं पातळ सार आणि वर लिंबू. तो जेवत असतानाच दोन गोष्टी सांगायची. पारपत्र स्वतःच्या ट्रंकेत ठेवायचं, मालकाकडे नाही. आणि कार्डावर ज्याचं नाव, त्याचंच काम. दुसरं कुणी कितीही गोड बोललं तरी नाही. हे तिनं बंगालीत आणि सिंहलीत लिहून घेऊन फ्रिजवर चिकटवलं होतं.

बेटाला यातली दुसरी गोष्ट कधी पटली नाही. नणंदेच्या मुलीच्या लग्नात पाहुणेघराचा आचारी उसना आणला, तेव्हा शफीगा मांडवात जाऊन त्याला परत घेऊन गेली होती. नणंद दोन वर्षं बोलली नाही. बायका तिला पाठीमागे 'सरकारची सून' म्हणायच्या. कधीमधी तोंडावरही.

आणि मम्माच्या छपराचा पत्रा दोन महिन्यांपूर्वी वाऱ्यानं उचकटला. मालेहून सुतार आणायचा तर त्याला वेळ नव्हता. बेटावरचे जे दोघे स्थानिक सुतार, ते पर्यटन बेटावर मोठ्या कामाला लागलेले. मम्मा पलंगाशेजारी बादली ठेवून झोपायची. शहात्तर वर्षांची बाई. रोज सकाळी सुपारी कातरताना एकच वाक्य ऐकवायची, "तुझ्या कागदांवर तर गळत नाही ना? मग बरं आहे."

दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी, शफीगा तोफाज्जलची सही घ्यायला कारखान्यात गेली होती. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, मम्माच्या छपराचा पत्रा उडालाय, सुतार मिळत नाही. गासिम बेबे एक फळी निरखता निरखता म्हणाले, सोमवारी सकाळी याला पाठवतो, दुपारपर्यंत होईल. शफीगा काही बोलली नाही. कागद आवरून घरी आली. तिनं माणूस मागितला नव्हता, एवढं खरं. पण नकोही म्हटलं नव्हतं. दोन दिवस तिनं त्या गप्प राहण्याकडे बघायचंच टाळलं होतं.

निहादनं अंगणातच सगळं सरळ सांगितलं. तिला ते पाठ होतं, तरी त्यानं सांगितलं. दोन जबान्या लागतील, कामगाराची आणि ज्याच्यासाठी काम चाललं होतं त्याची. कामगार आपल्या मर्जीनं आला असेल तर त्याचा परवाना रद्द होऊन तो परत जाईल आणि पुन्हा या देशात येता येणार नाही. कुणी बोलावला असेल तर बोलावणाऱ्यावर येईल. कागद चार वाजता बेटाच्या परिषदेच्या कचेरीत हवेत; दुपारनंतरची असरची नमाज झाली की लाँच सुटेल. तोवर ते दोघं बाकीचं बेट बघून येतील.

"कार्ड माझ्याकडे राहील," तो म्हणाला. "गुरुवारच्या आत निकाल लावायचा मी प्रयत्न करतो. पण कागद बघून. माणूस बघून नाही."

कारखान्यात सगळं थांबलेलं होतं. चिंचोळ्या छपराखाली बेचाळीस फुटांची होडी उभी, एका बाजूला फळ्या चढलेल्या, दुसऱ्या बाजूला नुसत्या बरगड्या. गासिम बेबे लाकडाच्या ओंडक्यावर बसले होते. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. रेघ मारायला तोफाज्जल, फळी वाकवायला तोफाज्जल. बेबे नुसते डोळे बारीक करून बघतात आणि 'अंहं' किंवा 'हं' म्हणतात. बेटावरच्या एकाही तरुणाला हे काम नको होतं. नोआखालीच्या या माणसाला त्यांनी फळ्या वाहायला ठेवलं होतं, आणि नऊ वर्षांत तो त्यांचे हात झाला होता.

फोन फळीवर ठेवलेला. त्यातून त्यांचा मुलगा शिझान मालेहून बोलत होता. धंद्याचे व्यवहार तोच बघायचा.

"शफी ताई आल्या का? हे बघा, साधी गोष्ट आहे. तो आपल्या मनानं गेला असं लिहा. वरकमाईसाठी. आपला परदेशी कामगारांचा कोटा वाचतो, तुमचं नाव वाचतं. महिन्याभरात दुसरा माणूस आणू."

"दुसरा कोण?" बेबेंनी विचारलं.

"कुणीही, बप्पा. माणसांना काय तोटा आहे?"

 बेबेंनी थरथर दिसू नये म्हणून हात लांब करून होडीच्या फळीवर टेकवला.

तोफाज्जल एका बाजूला उभा होता. इतक्या वेळात त्यानं आपली हत्यारं पुसून खोक्यात लावायला सुरुवात केली होती. पटाश्या एका बाजूला, गिरमिटं एका बाजूला, जणू उद्या दुसरा कुणी येऊन उचलणारच होता. शफीगाला ते पाहवेना.

"आपा, लिहून टाका," तो म्हणाला. "मी सही करतो. तुम्हाला त्रास नको. तुम्ही मला पहिल्या दिवशी जेवायला घातलं होतं."

"तू आपल्या मनानं गेला होतास का?"

"नाही. पण सही तर माझी आहे ना. तेवढी मी कुणालाही देईन."

शिझान फोनवरून म्हणाला, बघा, त्यालाही मान्य आहे, मग प्रश्नच मिटला. शफीगानं मी लिहून आणते एवढंच सांगितलं आणि बाहेर पडली. दुपारची बांग होत होती.

घरी येऊन ती संगणकापुढे बसली. जबानी कोरी करकरीत लिहायची गरजच नव्हती. तिच्याकडे एक तयार होती.

पाच वर्षांपूर्वीची. पाहुणेघराचा श्रीलंकन माळी, सोमपाल नावाचा. मालकानं त्याला कुणाच्या तरी बागेत उसना पाठवला होता आणि तिथं तो सापडला. मालक संध्याकाळी शफीगाकडे आला, हातापाया पडला, कोटा गेला तर धंदा बुडेल म्हणाला. तिनं लिहून दिलं. 'मी माझ्या मर्जीनं, मालकाला न सांगता' असं. सोमपालनं आपल्या गोल गोल अक्षरांत सही केली. करण्याआधी त्यानं विचारलं होतं, मॅडम, यात काय लिहिलंय? ती म्हणाली होती, चौकशीचा कागद आहे. खोटंही नव्हतं ते. त्याच लाँचनं तो गेला. जाताना कुंडीतलं कढीपत्त्याचं रोप तिच्या दारात ठेवून गेला. तिनं एकदा सहज म्हटलं होतं की बाजारातला कढीपत्ता वाळकाच येतो.

आता त्याचं पुरुषभर झाड झालं होतं. रोज कालवणाला ती त्याचीच पानं तोडायची. घरातल्या कुणाला ठाऊक नव्हतं की पानं तोडताना ती झाडाकडे बघत नाही.

तिनं ती जुनी फाइल उघडली. नाव बदललं की काम झालं होतं. सोमपालच्या जागी तोफाज्जल. तारीख. जागा. तिची बोटं कळांवर होती आणि ती हलत नव्हती.

दारात मम्मा येऊन उभी राहिली. दोन गल्ल्या उन्हातून चालत आली होती, हातात खोबऱ्यात कालवलेल्या माशाचा डबा.

"मासहुनी आणलीय. तू जेवली नसशील." डबा ठेवून ती धापा टाकत बसली. मग म्हणाली, "असं कर. मी बोलावलं म्हणून लिही. घर माझ्या नावावर, छप्पर माझ्या नावावर. मला कुठे पाठवणार ते? माझं पारपत्रच नाही."

शफीगाला अशाही स्थितीत हसू आलं.

"मम्मा, तू त्यांना सांगून बसलीस. लेकीनं सांगितलं म्हणून पाठवला, असं."

"मी म्हातारी आहे. काहीही बोलते. बेटाला विचार."

आणि हे खरंच चाललं असतं. शफीगाच्या ते लगेच लक्षात आलं, आणि तेच तिला जड गेलं. निहादनं डोळेझाक केली असती. म्हातारीला समज देऊन सोडली असती. तोफाज्जल राहिला असता, कोटा राहिला असता, तिचं खातं राहिलं असतं. कुणाचंच काही गेलं नसतं. फक्त पुढं कधी तिच्यावर काही आलं की ते टाकायला एक सही हाताशी आहे, हे तिला कळून चुकलं असतं. एकदा माळ्याची, एकदा आईची.

"तुझ्या खात्याचं काय होईल?" मम्मानं विचारलं.

"जाईल बहुतेक."

"आणि मग तू काय करशील?"

 खरंच काय करील, शफीगाला माहीत नव्हतं. शाळेत आता दुसरी कारकून होती.

मम्मानं डब्याचं झाकण उघडून तिच्यापुढे सरकवलं. "जेव आधी. उपाशी पोटी लिहिलेलं काही धड होत नाही." आणि ती जेवेपर्यंत जवळ बसून राहिली.

चार वाजायला दहा मिनिटं असताना शफीगा परिषदेच्या कचेरीत पोचली. बाहेर बाकावर तोफाज्जल बसला होता, अंगात इस्त्रीचा शर्ट. शेजारी गासिम बेबे. खिडकीशी चार-पाच बायका उगाच उभ्या, त्यांत नणंदही. कुणी टोमणा मारला नाही. त्यानं शफीगाला जास्तच धडकी भरली.

निहादनं तिच्या हातून कागद घेतला आणि वाचला. पुन्हा वरपासून वाचला. त्याचा जोडीदार वाकून बघू लागला.

"तुम्ही लिहिलंय, 'मी माणूस मागितला नाही.' आणि खाली लिहिलंय, 'मालक पाठवतो म्हणाला तेव्हा मी नको म्हटलं नाही. नियम मला ठाऊक होता, मालकाला आणि कामगाराला मीच तो सांगितलेला होता.'" त्यानं चष्मा काढला. "शफीगा, याला आमच्याकडे रकाना नाही. बोलावलं किंवा बोलावलं नाही, दोनच आहेत."

"मग ज्या रकान्यात माझं नाव येतं, तो भरा."

"तुम्हाला कळतंय ना काय होईल ते? आईसाठी एक पत्रा ठोकला म्हणून..."

"पत्रा आईचा होता. गप्प मी बसले."

बाहेर नमाज संपून माणसं येऊ लागली होती. धक्क्यावर लाँचचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. निहादनं खिडकीबाहेर बघितलं, मग बाकावरच्या तोफाज्जलकडे.

"आणि याचं?"

"त्याला मालकानं पाठवलं, तो गेला. मालक पाठवतो तिथं न जाणारा कामगार तुम्ही बघितलाय का?"

जोडीदाराला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. निहाद हसला नाही. त्यानं 'बोलावलं' या शब्दापुढं खूण केली, खाली शफीगाचं नाव लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं सही केली. 'मालकानं पाठवलं म्हणून गेलो' एवढ्या एका ओळीवर तोफाज्जलनंही सही केली.

आणखी एक कागद तिनं पिशवीतून काढला. पाच वर्षं जुनी एक जबानी, आणि तिच्यामागे आजच्या तारखेनं तिनं लिहिलेलं अर्धं पान.

"हे कशाला?" निहादनं विचारलं. "हे प्रकरण केव्हाच बंद झालंय."

"ठाऊक आहे. फायलीत लावून ठेवा."

त्यानं ते शेवटपर्यंत वाचलं. मग तोही कागद फायलीत गेला. लाँच सुटली, तोफाज्जलचं कार्ड घेऊन.

मंगळवार, बुधवार. शफीगा दर तासाला संगणक उघडायची. तोफाज्जलच्या अर्जापुढं तेच शब्द: विचाराधीन. कारखान्यात कार्डाशिवाय तोफाज्जलला काम करता येत नव्हतं. तो होडीसमोर बसून राहायचा आणि बेबे एकटेच एखादी फळी हातात घेऊन पुन्हा ठेवायचे. शिझानचा फोन आला, त्यानं शफीगाला वाटेल ते सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. त्याचं सगळंच चुकीचं नव्हतं. कोटा गेला तर तिच्या खरेपणाची किंमत बेबेंना मोजावी लागणार होती. या एका गोष्टीनं तिला दोन्ही दिवस झोप लागली नाही. खरं सांगताना आपण आपलंच नाव दिलं असं तिला वाटलं होतं. 'मालक पाठवतो म्हणाला' या तीन शब्दांत बेबेही आले होते.

बुधवारी ती कारखान्यात गेली आणि त्यांच्यापाशी तसं बोलली.

"मी पाठवलाच होता," बेबे म्हणाले. "त्यात काय सांगायचं-लपवायचं? तू लिहिलं नसतंस तर मी जाऊन सांगणार होतो. पण मला लिहिता येत नाही ना, पोरी."

गुरुवारी सकाळी नऊला तिनं संगणक उघडला आणि खात्यानं तिला आत घेतलं नाही. परवलीचा शब्द पुन्हा घातला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा लाल अक्षरांत ओळ आली की ही मुभा एक वर्षासाठी स्थगित आहे. आता तोफाज्जलच्या अर्जाचं काय झालं, हे बघायलाही तिला वाट नव्हती. ती तशीच खुर्चीत बसली. अकरा वाजले. बारा. कचेरी दोनला बंद होते.

एकला नझीमाचा फोन आला. दुपारची बोट लागलीय, तांडेलाकडे एक पाकीट आहे, गासिम बेबेंच्या नावाचं.

या वेळी शफीगा धावली. सबंध बेटानं बघितलं, आणि कुणी कुणाला फोन केला नाही, कारण सगळेच धक्क्याकडे निघाले होते.

पाकिटात बेबेंना एक पत्र होतं: सक्त ताकीद, यापुढं घडलं तर कोटा रद्द. आणि तोफाज्जलचं कार्ड, वर्षाची नवी तारीख घातलेलं. शफीगाला चिठ्ठी वगैरे काही नव्हती. कार्डावरचा फोटो मात्र तिनंच काढलेला होता, सोमवारी अडून बसलेला. पांढऱ्या चादरीला खालच्या कोपऱ्यात एक सुरकुती होती. कुणीतरी तो तसाच चालवून घेतला होता.

तोफाज्जलनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं, खिशात घातलं आणि कारखान्याकडे चालू लागला. पाठोपाठ बेबे, त्याच्यापेक्षा जोरात.

छप्पर राहिलं होतं. पत्र्याची एक बाजू ठोकलेली, दुसरी मोकळी. रात्री वारा सुटला की ती ताशासारखी वाजायची. आता बेटावरचा एकही मालक कुणाला माणूस द्यायला धजत नव्हता आणि कुणी मागतही नव्हतं. शुक्रवारी नमाजेनंतर शफीगानं नवऱ्याची जुनी विजार चढवली, शिडी लावली आणि स्वतः वर गेली. मम्मा खालून शिडी धरून देवाचं नाव घेत होती. पहिला खिळा वाकला. दुसरा अंगठ्यावर बसला.

"आपा, तिथं नाही. पत्र्याचा उंचवटा असतो ना, त्यावर. खोलगट जागी ठोकलं की पाणी आत येतं."

कुंपणापलीकडे, रस्त्यावर, तोफाज्जल उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे बांधलेले.

"तू इथून जा," ती वरून म्हणाली. "कुणी बघितलं तर?"

"मी कुठं काम करतोय? मी रस्त्यावर उभा आहे. बोलणं काम असतं का, आपा? तुम्हाला नियम ठाऊक आहेत."

शफीगा हातोडी धरून थांबली. तिनं खरोखरच मनातल्या मनात सगळे नियम वरपासून खालपर्यंत तपासले, कलमं, पोटकलमं, एक न एक. मम्मा खालून विचारत होती की आता काय झालं, ठोकत का नाहीस.

"असं कुठं लिहिलेलं नाही," शेवटी ती म्हणाली आणि खिळा उंचवट्यावर धरला. "मोठ्यानं सांग. वर ऐकू येत नाही."